मोहरीतील तण : तणनाशक केव्हा फवारावे

भोपाळच्या आसपास, म्हणजे सीहोर, विदिशा, रायसेन आणि बेरसियाच्या बाजूला, सोयाबीन निघाल्यावर गहू किंवा हरभरा ही रुळलेली रीत. मोहरी, इकडच्या बोलीत सरसों, एखाद्या कमी पाण्याच्या तुकड्यात पेरली जाते. आपल्यापैकी अनेकांची जमीन बटाईने दिलेली असते आणि शेतावर जाणे सुट्टीच्या दिवशीच होते. गव्हात हे खपून जाते. मोहरीत नाही, कारण बांधावरून तण डोळ्यांत भरेपर्यंत फवारणीची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

याचे कारण साधे आहे. गहू गवतवर्गीय, तर चाकवत (बथुआ) रुंद पानांचे. त्यामुळे २,४-डी सारखे औषध गव्हाला सोडून चाकवत मारते. मोहरी स्वतःच रुंद पानांची आहे. उभ्या पिकात चाकवत किंवा हरणखुरी मारणारे औषध मोहरीलाही सोडत नाही. गवतवर्गीय तणांपुरती वेगळी औषधे मिळतात, ती तण दोन ते चार पानांवर असताना चालतात. पण लेबलवर मोहरीचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

म्हणून भरवसा उगवणपूर्व फवारणीवर. यासाठी पेंडिमेथॅलिनची शिफारस आहे: हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक, पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत. ३० टक्के ई.सी. असेल तर हे एकरी सुमारे १.३५ लिटर होते. एकरी २२५ लिटर पाणी धरले, तर १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ९० मि.ली. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हिशेबही बदलतो.

हे औषध मातीच्या वरच्या थरात राहून अंकुरणाऱ्या तणाची वाढ थांबवते. वर आलेले तण त्याने मरत नाही आणि कोरड्या मातीत ते जवळजवळ वाया जाते. आपल्या काळ्या जमिनीत खरी अडचण इथेच येते. कोरड्यात पेरून वरून पाणी दिले, तर वाफसा येईपर्यंत शेतात पाय ठेवता येत नाही, आणि तोवर मोहरी व तण दोन्ही वर येतात. त्यापेक्षा आधी पलेवा द्यावा, वाफशावर पेरावे आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी फवारावे. ढेकळे फुटलेली असावीत. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट हवे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नको. मागे मागे सरकत फवारले म्हणजे फवारलेल्या मातीवर आपलेच पाय पडत नाहीत. लव्हाळा मात्र याला दाद देत नाही.

तीन दिवस हुकले, तर औषधाच्या दुकानात जाऊन फारसा उपयोग नाही. मग पेरणीनंतर २०-२५ दिवसांनी खुरपणी किंवा कोळपणी, आणि त्याच फेरीत विरळणी. साधारण १५ ते ४० दिवसांचा काळ नाजूक असतो. त्यानंतर मोहरीची पाने ओळी झाकतात. कोळप्यासाठी पेरणी ओळीत हवी, फेकून नाही. बेरसिया रोडवर नबीबागला असलेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचे दोन चाकांचे हातकोळपे या कामाला चांगले आहे.

मोहरीची बहीण कॅनोला. कॅनडातील शेतकऱ्याला हा ताण कमी, कारण तिथे १९९५ पासून तणनाशक सहन करणारे वाण आले आणि उभ्या पिकात फवारता येऊ लागले. तरीही पीक चार पानांवर येईपर्यंत शेत स्वच्छ ठेवा, असेच तिथेही सांगतात. आपल्याकडे डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली; जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. त्यामुळे आपला हिशेब अजून तीन दिवसांचाच.

मोहरीचे नुकसान शेजारूनही होते. गव्हाला ३०-३५ दिवसांनी २,४-डी मारतात, तेव्हा वाऱ्याने उडालेले तुषार मोहरीची पाने व देठ पिळून टाकतात. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे; वारा पडलेला असतानाच फवारणी व्हावी. पंप एकच असेल तर तो मोहरीसाठी वापरूच नये हे उत्तम. नुसता खळखळून धुतलेला पंपही दगा देतो.

ग्वाल्हेर, मुरैना, भिंडकडे शेती असणाऱ्यांनी बंबाखू (ओरोबँकी) ओळखून ठेवावा. तो मोहरीच्या मुळावर जगतो. त्याचा कोंब जमिनीवर दिसतो तेव्हा नुकसान झालेले असते. बी धरण्याआधी उपटून जाळणे एवढेच हाती राहते. बी मातीत कित्येक वर्षे टिकते, म्हणून त्या शेतात पुढे मोहरी टाळावी.

आणखी एक. सोयाबीनला इमाझेथापायर उशिरा मारले असेल आणि नंतर पाऊस कमी झाला असेल, तर अंश उरण्याची शक्यता धरावी. मोहरी त्याला नाजूक आहे. पेरणीआधी त्या शेतातली माती एका कुंडीत आणि औषध न पडलेली माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हीत मोहरी टाकावी. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

आणि फवारलेल्या शेतातला चाकवत ताकातल्या भाजीसाठी खुडून आणू नये.