रुग्णालयांतील 'आल्मनर'

रुग्णाकडून उपचाराचें मूल्य घ्यावें कीं न घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कोणाकडून किती, हा प्रश्न रुग्णालयांइतकाच जुना आहे. त्याच्या इतिहासांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८२७ सालीं लंडन शहरांत सेंट अँड्र्यू देवळाच्या पायऱ्यांवर एक मरणोन्मुख मुलगी विल्यम मार्सडेन या शस्त्रवैद्यास आढळली, असें सांगतात. वर्गणीदाराचें शिफारसपत्र नसल्यामुळें तिला कोणतेंही रुग्णालय आंत घेईना. पुढील वर्षीं त्यांनीं जेथें शिफारस नको व पैसाही नको, असें रुग्णालय उघडलें. तेंच पुढें 'रॉयल फ्री' या नांवानें प्रसिद्धीस आलें.

कालांतरानें, ऐपतदार लोक गरिबांचा वांटा लाटतात, असा संशय बळावला. म्हणून १८९५ सालीं मेरी स्ट्यूअर्ट या बाईंची तेथें तीन महिन्यांकरितां 'आल्मनर' म्हणून नेमणूक झाली. राजांच्या व बिशपांच्या पदरीं दानधर्म वांटणाऱ्या अधिकाऱ्याचें हें जुनें नांव होय. पोप यांच्या दरबारीं तो हुद्दा आजही आहे. बाईंकडे मात्र दानास अपात्र कोण, हें शोधण्याचें काम आलें. त्यांनीं एकेकाची विचारपूस केली, तों लबाड थोडे आणि खरोखर गरजू पुष्कळ, असें दिसून आलें. ज्यास औषध दिलें त्याच्या घरीं अन्न आहे काय, हें पाहणेंही मग त्या कामांत आलें. इतर रुग्णालयांनींही ही प्रथा उचलली. ५ जुलै १९४८ रोजीं तेथें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि आल्मनरांचें पैसे गोळा करण्याचें काम सुटलें. विचारपूस मात्र राहिली. १९६४ सालीं त्यांच्या संस्थेनें 'वैद्यकीय समाजसेवक' हें नांव स्वीकारलें.

आपल्या मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत १९४६ सालीं असा समाजसेवक प्रथम नेमला गेला. पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २००६ पासून राज्यांतील धर्मादाय रुग्णालयांस एक योजना लागू झाली. तदनुसार १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या असून, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत वेगळी ठेवावयाची असते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहून पात्रता ठरविणारा अधिकारी म्हणजे रुग्णालयांतील समाजसेवकच होय. निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागूं नये, असाही त्यांत नियम आहे.

प्रिय वाचकहो, हा हक्क ठाऊक नसल्यामुळें किंवा विचारण्याची लाज वाटल्यामुळें कित्येक कुटुंबें दागिने गहाण टाकून बिलें भरतात. शेजारीं आजारी पडल्यास त्याला रुग्णालयांत पोहोंचवून आपण परततों; त्याऐवजीं त्याच्यासोबत समाजसेवकाच्या टेबलापर्यंत जावें. मूल्य मागणें हा रुग्णालयाचा दोष नव्हे. परंतु मागण्यापूर्वीं माणसाची विचारपूस व्हावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.