पाच दिवसांचा भ्रूण आणि एक सही



कामगार चळवळीतल्या माणसाने गर्भविज्ञानावर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. परंतु सही या वस्तूशी माझा जुना परिचय आहे. ती कोण देतो, कोणत्या घडीला देतो, आणि देताना त्याला 'नाही' म्हणण्याची सोय असते की नसते, हे पाहण्यातच माझी उमर गेली. आजचा विषय शेवटी त्या सहीपाशीच येऊन थांबतो, म्हणून हे धाडस.

प्रथम वस्तू समजून घेऊ. स्त्रीबीज फळल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा असतो. सुईच्या टोकाएवढाही नाही. त्याच्या आत एका बाजूला काही पेशींचा पुंजका असतो. त्या पेशींचे पुढे काय व्हायचे हे अजून ठरलेले नसते. त्यांतूनच हाड, रक्त, मज्जातंतू, काळीज घडते. त्यांना मूलपेशी किंवा रोजच्या बोलण्यात स्टेम सेल म्हणतात. त्या वेगळ्या काढून पोसल्या तर वाढतच राहतात, आणि एका भ्रूणापासून एक पेशीवंश तयार होतो. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून असा पेशीवंश प्रथम तयार केला. मधुमेह, कंपवात, डोळ्याच्या पडद्याचे विकार यांवर यातून उपाय निघेल ही आशा तेव्हापासूनची. मात्र पुंजका काढला की भ्रूण संपतो. वादाचे मूळ येथे आहे.

हे भ्रूण येतात कोठून? त्यासाठी फार लांब जायला नको. आंबिवलीला लोकल धरावी आणि परळला जावे. गिरणगावाच्या त्या वस्तीत, के. ई. एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी शरीराबाहेर गर्भधारणा झालेले बालक जन्माला आले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांचे ते फळ. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. त्यांच्या वाट्याला मात्र अवहेलना आली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांची कागदपत्रे पाहून पहिलेपणाचा मान त्यांना द्यावा असे आनंदकुमार यांनीच जाहीरपणे सांगितले. असा मोठेपणाही विज्ञानात असतो.

या उपचारात एकाच वेळी अनेक भ्रूण तयार होतात. सगळेच गर्भाशयात ठेवता येत नाहीत. उरलेले गोठवून ठेवतात. संशोधकांना हवे असतात ते हे उरलेले भ्रूण.

ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की, आधीच तयार झालेल्या पेशीवंशांवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. जगभरातल्या अशा ६४ पेशीवंशांची यादी निघाली. त्यांतले १० भारतातले होते: ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि ३ बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे. भ्रूण उपचारातून उरलेला असावा, जोडप्याची समजून-उमजून संमती असावी, पैशाचे आमिष नसावे, या अटी वॉशिंग्टनने घातल्या होत्या. त्या घालणारा कायदा तेव्हा आपल्या देशात नव्हता. पुढे २००९ च्या सुमारास परळच्या त्याच संशोधन संस्थेत 'किंड-१' आणि 'किंड-२' हे दोन पेशीवंश तयार झाले.

पाश्चात्त्य देशांत भांडण झाले ते भ्रूण हा माणूस की नाही यावर. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ साली १४ दिवसांची मर्यादा सुचवली, कारण त्या सुमारास भ्रूणात शरीराची पहिली रेषा उमटते. १९९० साली तिचा कायदा झाला. त्याच वर्षी जर्मनीने असे प्रयोग मुळातच बंद केले. आपल्याकडे शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ साली गर्भपाताला अटींसह कायद्याने परवानगी मिळालेली होती. त्यामुळे पाच दिवसांच्या भ्रूणावरून येथे तितके रण माजले नाही. परंतु भांडण नाही म्हणजे प्रश्नच नाही, असे आपण धरून चाललो. तेथे आपण चुकलो.

ज्या महाराष्ट्रात स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८८ साली गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा झाला, त्याच महाराष्ट्रात भ्रूणाच्या संमतीबद्दल कोणी मोर्चा काढला नाही. २००७, २०१३ आणि २०१७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मार्गदर्शक सूचना काढल्या. १४ दिवसांची मर्यादा त्यांत आहे. पण सूचना आणि कायदा यांतले अंतर कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. कायदा आला तो डिसेंबर २०२१ मध्ये. परळच्या त्या जन्मानंतर ३५ वर्षांनी.

तो काय म्हणतो? भ्रूण १० वर्षांपेक्षा अधिक काळ साठवायचा नाही. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यावा. भ्रूणाची विक्री हा गुन्हा. स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत, आणि तिचा १२ महिन्यांचा विमा उतरवावा. हा विमा वाचून मला समाधान वाटले. शरीर झिजवणाऱ्याची भरपाई ही कल्पना कामगार कायद्यांनीच प्रथम रुजवली.

तरी सही उरतेच. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांची जगभर कीर्ती झाली होती. २००५ साली उघड झाले की, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ स्त्री-संशोधकांनी स्वतःची बीजे दिली होती. पाठोपाठ त्यांचे शोधही खोटे ठरले. साहेबासमोर उभी असलेली हाताखालची बाई 'मी राजीखुशीने दिले' असे म्हणते, तेव्हा त्या राजीखुशीची किंमत काय? कामावर लागताना कोऱ्या कागदावर सही करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यावर कोणी हात उगारला नव्हता. घरी चूल थंड होती, एवढेच.

मुलासाठी वर्षानुवर्षे झुरणारे, कर्ज काढून आलेले जोडपे डॉक्टरांपुढे असेच बसलेले असते. पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर ते सही करील. म्हणून माझे म्हणणे असे: संशोधनाची संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घेऊ नये, दुसऱ्याने घ्यावी. कागद मराठीत असावा आणि वाचून दाखवावा. उपचार संपल्यावर, मन निवांत झाल्यावर तो पुढे ठेवावा. आणि नकार दिल्याने उपचारात उणे पडणार नाही, हे त्यावर ठळक लिहावे.

कोणी म्हणेल, २००६ पासून जपानच्या यामानाका यांच्या रीतीने साध्या पेशीपासूनही मूलपेशी होतात, मग ही चिंता कशाला? कारण ती पेशीही कोणाच्या तरी अंगातूनच येते. मी या संशोधनाच्या विरोधात नाही. ज्याची दृष्टी जात आहे त्याला थांबा म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्या सहीवर ही सारी इमारत उभी राहायची, ती सही देणाऱ्याच्या हातात 'नाही' म्हणण्याचेही बळ असले पाहिजे. ते बळ असेल तरच तिला दान म्हणावे.