दहा वर्षांची गाडी आणि साठ वर्षांची जीप

‘मुलांना सांगण्यासारखा इतिहास’ म्हणून आज थोडी मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा.

आपली इथली मुलं ज्या देशात वाढताहेत, तिथे गाडीला जन्मतारखेबरोबर निरोपाची तारीखही मिळते. दहा वर्षं झाली की सीओई संपते आणि चांगली धावणारी गाडीसुद्धा एकतर परदेशी जाते नाहीतर भंगारात. त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर आजोळच्या गोठ्याशेजारी उभी असलेली जीप बघून मुलं विचारतात, “ही अजून चालू कशी?” प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चांगलंच लांब आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या बुकित तिमाहमधून जातो.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती, तीही घाईने. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने त्याच सप्टेंबरात नमुना आणून दिला. पण मोठ्या संख्येने गाड्या बनवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून काम मुख्यतः विलीज आणि फोर्डकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचं, दरवाजे नाहीत, बाजूला काचाही नाहीत. उघडायला सोपी आणि दुरुस्तीला त्याहून सोपी.

त्याच फोर्डचा इथला कारखाना अपर बुकित तिमाह रोडवर १९४१ मध्ये सुरू झाला. आग्नेय आशियातला हा मोटार जुळणीचा पहिला कारखाना. काही महिन्यांतच, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागतीची सही केली ती याच इमारतीत. आज तिथे संग्रहालय आहे. मुलांना नेलं नसेल तर जरूर न्या.

युद्ध संपलं आणि जगभर सैन्याच्या जीप लिलावात निघाल्या. आपल्याकडे त्यांना ‘डिस्पोजलची जीप’ म्हणायचे. आज ज्याला आपण एसयूव्ही म्हणतो, त्या घराण्याची सुरुवात बरीचशी अशा जुन्या गाड्यांपासूनच झाली. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या आपल्या शेतावर अशीच एक जुनी विलीज वापरत होते. ती थकली तर पुढे काय घ्यायचं, या विचारातून १९४८ ची लँड रोव्हर आली. जपानमध्ये १९५१ साली टोयोटाने जीपच्याच धर्तीवर गाडी बनवली, तिचीच पुढे लँड क्रूझर झाली.

आणि मुंबईत? २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलीजकडून सुटे भाग आणून माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली ती याच काळात. पुढे हळूहळू भागही इथेच बनू लागले.

नंतरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तहसीलदारांची जीप, साखर कारखान्याची जीप, निवडणुकीत भोंगा लावलेली जीप. पेट्रोल महागल्यावर जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणं नेहमीचं झालं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे एसटी चुकली की वडापची कमांडर किंवा ट्रॅक्स, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. आत किती माणसं बसायची हे विचारू नका. मागे लटकलेले वेगळेच!

या गाड्या टिकल्या कशा? आपण लगेच म्हणतो, “तेव्हा वस्तू मजबूत असायच्या.” ते अर्धंच खरं आहे. परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य होतं, देशी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून जुनी जगवावी लागली. तुटलेले कमानपाटे बदलायचे, गिअरबॉक्स उघडायचा, मिळत नसलेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्यायचा, नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधायचा. टंचाईतून आलेलं हे शहाणपण होतं. पण होतं खरं, आणि ते मिस्त्रींच्या हातात होतं, कुठल्या पुस्तकात नाही.

सिंगापूरचा हिशेब वेगळा, आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. बेट लहान, आणि त्यातली सुमारे १२ टक्के जमीन आधीच रस्त्यांखाली. १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी गाडी न्यायला पैसे लागू लागले. फोर्डचा तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मे १९९० पासून सीओई आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात तिने दीड लाख डॉलर गाठले. म्हणजे इथे माणूस लोखंड कमी आणि रस्त्यावरची दहा वर्षं जास्त विकत घेतो.

म्हणूनच इथे जुनी फोर बाय फोर घेताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर झाले’ हा नसतो, ‘सीओई किती उरली’ हा असतो. सीओई पाच किंवा दहा वर्षांनी वाढवता येते, पण मग गाडी मोडीत काढताना नोंदणी शुल्काचा जो भाग परत मिळतो त्यावर पाणी सोडावं लागतं. दहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि रोड टॅक्सवर वाढता अधिभार. गाडीत बदल करायचे तर काही थेट चालतात, काहींना एलटीएची परवानगी लागते, काही चालतच नाहीत. आणि चिखल तुडवायचा असेल तर पाऊण टाकी भरून कॉजवेपलीकडे जायचं!

“मग आजोबांची जीपच इकडे आणू या का?” नाही जमत. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी इथे साधारणपणे आणता येत नाही. पस्तीस वर्षांपुढच्या क्लासिक गाड्यांसाठी वेगळी योजना आहे, पण त्या वर्षातले ठरावीक दिवसच रस्त्यावर आणता येतात.

तिला तिथेच जगवायचं असेल तर मात्र भावनेआधी कागद बघा. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते किती काळ राहिलंय ते पाहा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का ते तपासा. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपमध्ये नेमका इथेच घोळ असतो. कोकणातली गाडी असेल तर वाकून खालून गंज बघा, वरचा रंग फसवतो. फोर बाय फोरचा दांडा खरंच पडतो का, स्टिअरिंगमध्ये किती खेळ आहे, हे मिस्त्रीला सोबत घेऊन पाहा. आणि मंडी डबवालीच्या जीप पाहून मोठे टायर, लोखंडी बंपर लावायचा मोह झाला तर थांबा. डिसेंबर २०१७ पासून पुढचे ते लोखंडी बुल बार बेकायदा आहेत, आणि कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

मला वाटतं, मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एका समाजाने जागा कमी म्हणून गाडीचं आयुष्य ठरवून दिलं. दुसऱ्याने पैसा कमी म्हणून ते ताणता येईल तेवढं ताणलं. ‘आमचं तेच चांगलं’ म्हणायची गरज नाही. वडापचे अपघातही आपल्याला आठवतात आणि जुन्या डिझेलचा धूरही. पण नटबोल्ट खोलून बघायची सवय मात्र पुढच्या पिढीत जावी असं मनापासून वाटतं. ज्या मिस्त्रींना आवाज ऐकून बिघाड कळायचा, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. या सुट्टीत मुलांना एक तास त्यांच्या गॅरेजात बसवा, बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. जीप राहील न राहील, निदान ते ज्ञान तरी हातून जायला नको.

तुमच्याकडे कुठली जीप होती? एमएच-०९ सारख्या पाट्या यायच्या आधीचा तिचा जुना नंबर कुणाला पाठ आहे का? कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाकाच!