शेवटचं पुस्तक

मुलांसाठी लिहिलेली जादूची मालिका कधी संपवायची हे लेखक ठरवतो, असं आपण धरून चालतो. सुरुवातीला तसं नव्हतं. एल. फ्रँक बॉमला 1910 मध्येच ऑझ या आपल्या जादूच्या देशातून सुटायचं होतं. म्हणून सहाव्या पुस्तकात, ‘द एमरल्ड सिटी ऑफ ऑझ’मध्ये, त्याने ग्लिंडा या जादूगारणीच्या जादूने अख्खा देश अदृश्य केला आणि यापुढे तिथलं काही कळणार नाही, असा नायिका डोरोथीचा निरोपही छापला. पण मुलांची पत्रं थांबेनात, दुसरी पुस्तकं तेवढी खपेनात. 1908 च्या खर्चिक रंगमंचीय प्रयोगांचं कर्ज डोक्यावर होतंच. 1911 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. 1913 मध्ये तो ऑझला परतला. 1919 मध्ये तो वारला, तरी मालिका संपली नाही. रूथ प्लम्ली थॉम्प्सनने 1921 पासून 1939 पर्यंत दरसाल एक नवं ऑझ लिहिलं.

शेवटाला खरं वजन आलं ते सी. एस. लुईसच्या ‘द लास्ट बॅटल’मुळे (1956). त्याने नार्निया हे आपलं जादूचं जग खरोखरच बुडवलं. तारे गळतात, सूर्य विझतो, आणि आपल्या जगातून नार्नियात येणारी मुलं रेल्वे अपघातात गेली आहेत, हे अखेरीस कळतं. लहानांच्या पुस्तकात हे धाडस मोठं होतं. त्यांच्यातल्या सूझनला मात्र अखेरच्या नार्नियात जागा नाही, कारण ती नटण्यामुरडण्यात रमली. हा मला उघड अन्याय वाटतो. फिलिप पुलमननेही त्यावर कडाडून टीका केली. त्याच्या ‘द अँबर स्पायग्लास’मध्ये (2000) मोठं होणं हा गुन्हा नाही, पण त्याची किंमत आहे: वेगवेगळ्या जगांतल्या लायरा आणि विल या नायिका-नायकांना आपापल्या जगात कायमचं परतावं लागतं.

लॉइड अलेक्झांडरने ‘द हाय किंग’मध्ये (1968) वेगळी वाट काढली होती. जादू जाणणारे सगळे जहाजातून निघून जातात, पण डुकरं राखणारा टारन मागे राहतो, कारण युद्धाने मोडलेलं पुन्हा उभारायचं आहे. मुलांना देण्यासारखा याहून चांगला शेवट मला माहीत नाही.

21 जुलै 2007 ला हॅरी पॉटरचं सातवं आणि शेवटचं पुस्तक आलं तेव्हा एकट्या अमेरिकेत 24 तासांत 83 लाख प्रती खपल्या. 1997 मध्ये, पहिलं पुस्तक आलं तेव्हा, दहा वर्षांची असलेली मुलं तोवर विशीत पोचली होती. मालिका आणि वाचक बरोबरच वाढले होते.

उर्सुला ले ग्विनने अर्थसीची त्रयी 1972 मध्ये पूर्ण केली आणि 1990 मध्ये ‘तेहानू’ लिहून पुन्हा उघडली. त्यात त्रयीचा नायक, जादूगार गेड, याची विद्या संपलेली आहे, त्रयीतलीच तेनार आता शेतावर राहणारी विधवा आहे आणि दोघांपुढे आगीत भाजलेली एक मुलगी आहे. जादू सरल्यावर माणसाने करायचं काय, हे इतक्या थेटपणे दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. तुमच्या घरातल्या मुलाने त्रयी वाचली असेल, तर तिथे थांबू देऊ नका. ‘तेहानू’ त्याला द्या, पण पंधरा-सोळा वर्षांचा झाल्यावर.