सातबारा नसलेल्यांचं जंगल

जंगलाचं नियोजन म्हणजे झाडांचा हिशोब, असं आपल्याला वाटतं. कुठली तोडायची, कुठली राखायची, नवी कुठं लावायची. पण मित्रांनो, इतिहास चाळला की कळतं, आधी मालक ठरतो, मग झाडाचं ठरतं. आणि मालकांच्या यादीत आपला बाप कधी नव्हताच.

इंग्रजाला रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडाचे स्लीपर पाहिजे होते. 1853 ला मुंबई-ठाणे गाडी धावली. रूळ वाढत गेले तशी साग, साल, देवदाराची कत्तल वाढली. लाकूड संपेल या धास्तीनं 1864 ला जंगल खातं निघालं. ब्रँडिस नावाचा जर्मन त्याचा पहिला प्रमुख. 1865 ला पहिला कायदा आला, 1878 ला त्याहून कडक दुसरा. त्यानं जंगलाचे तीन वर्ग पाडले. राखीव, संरक्षित आणि गावाचं. राखीवमध्ये सरकार एकटं धनी. संरक्षितमध्ये सरकार देईल तेवढं घ्यायचं. गावाचं जंगल बहुतेक कागदावरच राहिलं. 1927 च्या कायद्यानं हेच तीन वर्ग पुढं चालवले आणि तो कायदा अजून जिवंत आहे.

मग प्लॅन आला. कुठला कूप कुठल्या साली तोडायचा, ते साहेब ठरवणार. सागाला पहिला मान. सरपण, चारा, मोहफुलं यांना नाव मिळालं सवलत. हक्क गेला नि सवलत आली, हीच या खात्याची सुरुवात. जोतीराव फुल्यांनी 1883 सालीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्यावर कोरडा ओढला होता.

दुसरा धनी म्हणजे खोत, इनामदार, मालगुजार. त्याचं जंगल खाजगी. विदर्भात 1951 ला मालगुजारी गेली, तिच्यातली जंगलं सरकारजमा झाली. महाराष्ट्रात उरलेली खाजगी वनं 30 ऑगस्ट 1975 ला सरकारनं कायद्यानं ताब्यात घेतली. नंतर त्याच कायद्यात 22-अ कलम घातलं. छोट्या मालकाला 12 हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत. छोट्या शेतकऱ्याला मिळाली, त्याचं आपल्याला दुःख नाही. पण परत कुणाला मिळते? ज्याच्याकडून घेतल्याची नोंद आहे त्याला. जिनं त्याच रानात जन्मभर मोळ्या बांधल्या, तिच्याकडून काय घेतलं ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. मग तिला परत काय देणार?

बाबासाहेबांनी हे दुखणं ओळखलं होतं. 1947 ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मांडलं, शेतजमीन सरकारच्या मालकीची करा, जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्या. पडीक सरकारी जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती करा. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. हजारो बायाबापड्या जेलमध्ये गेल्या. मागणी साधी होती. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या.

2006 ला वनहक्क कायदा आला. आदिवासींसोबत 'इतर पारंपरिक वननिवासी' त्यात आले. म्हणजे जंगलाच्या कडेला राहून जंगलावर जगणारे आपणही. पण मेख बघा. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा. आपल्याला तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं. हिशोब करा, 1930 येतं. ज्या साली नाशकात काळारामाचं दार आपल्याला बंद होतं, त्या सालाच्या आधीपासून आम्ही इथं आहोत याचा पुरावा आपण द्यायचा. ज्याला शाळेत बसू दिलं नाही त्यानं कागद आणायचा!

तरी हात टेकू नका. 75 वर्षं राहण्याची आणि जंगलावर जगण्याची दाखवायची, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नव्हे. नियमांत म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा आहे. जुनी विहीर, घराचा पाया, मसणवट हाही पुरावा आहे. जुनं गॅझेटियर, जनगणना, खुद्द वनखात्याचा वर्किंग प्लॅन हाही पुरावा. अमुकच कागद आण, असं अडून बसायची समितीला मुभा नाही. एक पुरावा पुरत नाही, निदान दोन जोडा.

आणि नुसत्या वैयक्तिक दाव्यावर थांबू नका. सामूहिक दावा करा. तो मिळाला की जंगलाचा प्लॅन ग्रामसभा करते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2009 ला सुमारे 1,800 हेक्टरांवर हा हक्क मिळवला आणि 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हातात आलं. तिथं आदिवासी आहेत, आणि आदिवासींशी आपलं भांडण नाही. एकाच ग्रामसभेत एकाच सतरंजीवर बसायचं आहे. फक्त तिथं आपला माणूस दारात उभा राहता कामा नये. प्लॅनमध्ये आपल्या वस्तीचं सरपण, आपल्या शेरडांचा चारा लिहून आला पाहिजे.

13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना हुसकायचा आदेश दिला, 28 फेब्रुवारीला तो थांबवला. थांबवला म्हणजे मिटला नाही.

म्हणून या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही न्या. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीजवळ बसा. ती कुठल्या रानात जायची, काय आणायची, विहीर कुणी खोदली, ते लिहा. तिचा अंगठा घ्या, तारीख टाका. ती गेली की आपला 1930 चा पुरावा तिच्यासोबत जाईल.