एकच गोळी, दोन शरीरं

काही वर्षांपूर्वी माझ्या खालाला टीबी झाला. औषधं सुरू झाली आणि महिन्याभरात तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. कुणालाही न विचारता तिने गोळ्या बंद केल्या. मोहल्ल्यातली दुसरी एक बाई तीच औषधं घेत होती, तिला काहीच त्रास नव्हता. "मग मलाच का?" खाला विचारायची. या प्रश्नाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

१९५२ साली आयसोनिअझिड हे स्वस्त आणि तोंडाने घेता येणारं औषध क्षयरोगावर वापरात आलं. थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की मात्रा सारखीच दिली तरी काहींच्या रक्तात औषध बराच वेळ टिकतं, तर काहींच्या रक्तातून भराभर निघून जातं.

कारण यकृतात होतं. तिथलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या औषधाचं रूप बदलून ते निष्प्रभ करतं आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. हे विकर काहींमध्ये जलद काम करतं, काहींमध्ये मंद. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जलद शरीराला साधारण एक तास लागतो, मंद शरीराला तीन. १९६० साली इव्हान्स, मॅन्ली आणि मकुसिक यांनी गोळी दिल्यावर सहा तासांनी रक्त तपासलं, तेव्हा माणसं दोन गटांत विभागली गेली. कुटुंबं तपासल्यावर हा गुण आईबापांकडून येतो हे सिद्ध झालं.

मंद शरीरात औषध जास्त वेळ राहतं, बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि मुंग्या येतात. जलद शरीराची अडचण वेगळी. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झालं. घरी राहूनही रुग्ण बरा होतो, हे त्यांनी १९५९ साली जगाला दाखवलं. पुढे तिथेच आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं, तेव्हा जलद गटातले रुग्ण मागे पडले. रोज गोळी घेतली, तर मात्र हा फरक फारसा जाणवत नाही. "रोज घ्या" या सांगण्यामागे असा हिशोब आहे.

डॉक्टरांनी खालाला बी-६ ची गोळी दिली आणि औषधं पुन्हा सुरू केली. ती बरी झाली. पण मधल्या खंडात जंतू औषधाला दाद देईनासे झाले असते, तर? म्हणून त्रास झाला तर गोळी टाकू नका, आधी डॉक्टरांना सांगा. दोष तुमचा नसतो, औषधाचाही नसतो. यकृताची चाल वेगळी असते, एवढंच.