फोल्डरचा सातबारा

बीडमधल्या एका वकील मित्राच्या ऑफिसात गेल्या उन्हाळ्यात फोल्डर अडलं. खासरा पत्रकापासून परवाच्या फेरफारापर्यंत पक्षकारांचे सगळे कागद स्कॅन करून त्याने एका छोट्या डब्यात ठेवलेत. डबा म्हणजे नॅस: आत दोन हार्ड डिस्क, राउटरला एक वायर, आणि चार टेबलांवरचे संगणक त्यातूनच फाइली काढतात. त्या दिवशी फोल्डर दिसे, नाव वाचता येई, उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणाला, ‘‘परमिशनचा घोळ हाय, साहेब. एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाकू का?’’

मित्राने हातच जोडले. भावकीतल्या दोन्ही बाजूंचे कागद ज्याच्या कपाटात असतात, त्याला ‘एव्हरीवन’ हा शब्द सोसत नाही.

दप्तर कापडात बांधलेलं होतं तोवर हा प्रश्न सोपा होता. किल्ली कारकुनाच्या कमरेला, म्हणजे परवानगीही त्याच्याच कमरेला. एकाच यंत्रावर अनेकजण बसू लागले तेव्हा घोळ सुरू झाला. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस नावाची तशी व्यवस्था उभी राहिली आणि प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळेत आपलं काम उरकलं. कुलपाबरोबर चोरवाटही जन्मली, ती अशी.

पुढे दोन घराणी झाली. मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पात प्रत्येक फाइलीला यादी जोडायची कल्पना आली: अमक्याने वाचावं, तमक्याने लिहावं. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं, तेव्हा एवढा पसारा परवडणारा नव्हता. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत दोनच जाती होत्या, मालक आणि बाकीचे. गट नंतर आला. मालक, भाऊबंद, गाव असे तीन खण, प्रत्येकात वाचणं, लिहिणं, चालवणं. आजही तेच चालतं. यादीचं घराणं १९९३ च्या विंडोज एनटीत पुन्हा नांदू लागलं. त्यातली यादी सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यासारखी कितीही लांबते.

मधल्या काळात आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी ही फाइली वाटून घेण्याची बोली तयार केली होती. विंडोज ती बोलते. युनिक्सला ती बोलायला शिकवलं कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेलने. १९९१ च्या अखेरीस, विद्यार्थी असताना, तारेवरून जाणारी माहिती ऐकत ऐकत त्याने ती बोली उलगडली. आपण कोणती भाषा शिकतोय हेही त्याला आधी ठाऊक नव्हतं. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले, त्यात सांबा निघालं. बाजारातल्या बहुतेक नॅसच्या पोटात आज लिनक्स आणि हेच सांबा असतं. म्हणजे दुभाष्याच तो, विंडोजची लांबलचक यादी युनिक्सच्या खणांशी जुळवत बसलेला.

म्हणून इथे अडवणाऱ्या जागा दोन. शेअरची परवानगी म्हणजे गावची वेस, फाइलीची परवानगी म्हणजे घराचं दार. वेशीतून आत सोडलं तरी दार बंद असू शकतं, आणि दोन्हींत जी कडक तीच चालते. तिसरी अडचण विंडोजच्या स्वभावाची: एकाच डब्याशी एकाच वेळी दोन नावांनी बोलायला ती नकार देते, त्यामुळे कालचं साठवलेलं लॉगिन आज आडवं येतं. शिवाय बिननावाच्या पाहुण्याचे दिवस संपले. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जुन्या एसएमबीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षाअखेर विंडोज १० ने जुनी बोली नव्या संगणकांवर मुळातच घालणं थांबवलं. त्या बोलीत ‘गेस्ट’ म्हणून चालणाऱ्या कितीतरी जुन्या डब्यांची तेव्हापासून रवानगी अडगळीत झाली.

आमच्या पोराने हे सगळं तपासलं. वेस उघडी, लॉगिन बरोबर, पाहुणा कुणी नाही. शेवटी फाइलींचा मालक पाहिला, तर नावाच्या जागी नुसता आकडा. जुना कारकून नोकरी सोडून गेला होता, मित्राने नॅसवरचं त्याचं खातं पुसलं होतं, आणि त्याने स्कॅन केलेली सगळी फोल्डरं त्या पुसलेल्या माणसाच्या क्रमांकावर राहिली होती. त्यांची कुलपं फक्त मालकापुरती होती.

मित्र एकदम हसला. ‘‘अरे, मयताच्या नावावरचा सातबारा आहे हा. वारस लावला नाही.’’

पोराला गाव नमुना सहा-क माहीत नव्हता, पण मालक बदलायची आज्ञा माहीत होती. ती पोटातल्या सगळ्या फोल्डरांना लावायला सांगून तो चहाला गेला. परत आला तोवर फेरफार झाला होता, आणि तलाठ्याकडे खेपही पडली नव्हती.